सातशेचा तास, सव्वाशेची बचत

ताई, आम्ही टिळकनगरला राहतो. नवरा सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत आहे, मी घर बघते. त्याने पगाराला तासांनी भागून काढलंय की त्याचा एक तास सातशे रुपयांचा. म्हणून बँक, मुलीची शाळा, प्लंबर, सगळं माझ्याकडे. वर दर रविवारी मी ॲक्टिव्हावरून चोइथराम मंडीतून भाजी आणायची, कारण शंभर-सव्वाशे वाचतात. 'तू तशीही घरीच असतेस' म्हणतो. गेले दोन रविवार मी मैत्रिणीकडे चहा प्यायले, कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून भाजी घेतली आणि त्याला मंडीचा भाव सांगितला. वरचे पैसे माझ्या साठवणीतले. गंमत म्हणजे शीतलामाता बाजारात घासाघीस करायला मला मनापासून आवडतं! मी आळशी आहे का? की माझ्या वेळेला काही किंमतच नाही?
— एक वैतागलेली, इंदूर

अगं, नवलखा आणि भंवरकुआँची गर्दी पार करून भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवून परत येणारी बाई आळशी कशी असेल?

तुझ्या नवऱ्याचा भागाकार बरोबर आहे, फक्त तो भलत्या जागी वापरतोय. सातशे रुपये मिळतात ते कंपनीच्या तासाचे. रविवारी पोहे-जिलेबी खाऊन तो सोफ्यावर मोबाईल चाळत पडतो, तेव्हा खात्यात सातशे येत नाहीत. आणि प्लंबरला त्याने स्वतः फोन केला तर पगारातून सातशे कापलेही जात नाहीत. ज्या तासाला गिऱ्हाईक नाही त्याला कसला आलाय भाव? रविवारी सकाळी तुमचे दोघांचे तास सारखेच. कोण जास्त दमलंय आणि कुणाला काय आवडतं, एवढंच बघायचं.

आता त्या सव्वाशेकडे बघू. पेट्रोल शंभरीपार गेलंय, त्यामुळे जाऊन-येऊन चाळीसेक रुपये तिथेच गेले. मंडीत भाव चांगला मिळतो तो जास्त माल उचलला तर. म्हणजे पाच किलो टोमॅटो आले, आणि गुरुवारपर्यंत टोपलीच्या तळाचे दाबून फुटले, खालचा कागद ओला, वर चिलटं. ते किलोभर फेकलेले कुणी हिशेबात धरतं का? हां, थंडीत बटला, म्हणजे मटार, स्वस्त झाला की दहा किलो आणून, घरातल्या सगळ्यांनी बसून सोलून फ्रीझरमध्ये टाकणं याला अर्थ आहे. तेव्हा जरूर जा, आणि त्यालाही पिशव्या उचलायला ने.

ठेलेवाला भैया किलोमागे दहा-पंधरा जास्त घेतो खरा. पण पहाटे उठून मंडीत तो गेलेला असतो, सडका माल त्याच्या अंगावर पडतो, आणि तुला पाव किलो भेंडीही मिळते. त्या दहा रुपयांत तुझी अख्खी सकाळ परत मिळते. त्याच्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालू नकोस. वरची कोथिंबीर-मिरची मात्र हक्काने माग, तो तर इंदूरचा रिवाजच आहे.

वेळेच्या किमतीचं विचारलंस. 1989 साली जमशेदपूरला एका कार्यक्रमात मोठी आग लागून माणसं गेली. त्या खटल्यात 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचे महिन्याला तीन हजार रुपये धरले होते. रक्कम तेव्हाही तुटपुंजीच, पण 'शून्य' नव्हती. आणि सरकारच्याच 2024 च्या पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88. हे आकडे नवऱ्याला वाचायला दे. पण 'माझा तास इतक्याचा' असा फलक तू लावू नकोस. नवरा-बायकोत दरपत्रक सुरू झालं की तापात उशाशी बसण्याचंही बिल निघतं.

शीतलामाताचं प्रकरण वेगळं. तो दुकानदार गादीवर बसवून पंचवीस साड्या उलगडतो, अठराशे सांगतो. तू हजार म्हणतेस, तो 'बहनजी, इतने में तो खरीद भी नहीं है' म्हणतो, तू चप्पल घालतेस, तो पायरीवरून हाक मारतो आणि साडेबाराशेला फॉल-पिकोसकट सौदा होतो. तिथे गेलेले दोन तास तुझी करमणूक आहे, त्यांना बचतीच्या वहीत घालूच नकोस. त्याला क्रिकेट, तुला हे. आवडीने घासाघीस करणं आणि धाडल्यावर मंडीत जाणं यात फरक असणारच, त्याबद्दल मनाला खाऊ नकोस.

मला खटकलं ते एकच: तू खोटा भाव सांगतेस. तुझ्या साठवणीतले पैसे घालून तू त्याचंच गणित खरं करून देतेयस! त्याला काय वाटणार, मंडीचा फेरा फायद्याचाच आहे. या आठवड्यापासून ठेल्याचा खरा भाव सांग. कुरकुर करू लागला तर पुढचे चार रविवार ॲक्टिव्हाची किल्ली त्याच्या हातात दे. पेट्रोल आणि फेकलेली भाजी यांचा हिशेब त्यालाच लिहू दे. त्याला मजा आली तर मंडी कायमची त्याची. आणि हे सगळं शनिवारी जेवणानंतर बोल, रविवारी सकाळी झोपमोड करून नको.