बीट्रिक्स पॉटर पहिल्यांदाच वाचून दाखवणार असाल तर

लेक साडेतीन वर्षांची आहे, बीट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिकेच्या गोष्टी तिला कुठून वाचायला घेऊ असं विचारताय, तर पीटर रॅबिट या सशाच्या गोष्टीपासूनच सुरू करा, फक्त सगळ्या गोष्टींचं ते जाडजूड एकत्र पुस्तक लगेच घेऊ नका, छोटी सुटी पुस्तकं मिळतात तीच घ्या, बाईंनी आकार मुद्दाम लहान ठेवलेला, पोरांच्या हातात मावावा म्हणून. पुस्तक आलं 1902 ला पण गोष्ट मुळात 1893 मधे एका आजारी मुलाला पत्रातून लिहिलेली, आणि ते वाचताना जाणवतं हो, कोणीतरी एकाच मुलाशी बोलतंय असं.

इंग्रजी घडाघडा वाचू नका, चित्रावर बोट ठेवून आपल्या मराठीत सांगा. पीटरच्या निळ्या कोटाची बटणं जाळीत अडकतात, तो रडायला लागतो आणि चिमण्या येऊन अजून जोर लाव म्हणून विनवतात, तिथे थांबा. माझा मुलगा रोज त्या पानावर आधी स्वतःच्या शर्टाचं बटण चाचपायचा.

आणि हो, पीटर ज्या बागेत शिरतो तिथल्या मॅकग्रेगरबाईंनी त्याच्या बाबांना शिजवलं हे सुरुवातीलाच येतं, ते प्लीज गाळू नका! मुलं नाही घाबरत, आपणच घाबरतो. गोष्टी मायाळू आहेत पण खोट्या नाहीत, पॉटरबाईंनी स्वतः ससे पाळलेले, नंतर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधे शेती केली, मेंढ्या पाळल्या.

पॉटरबाईंचीच जेमिमा बदकाची गोष्ट जरा उशिरा घ्या, पाचेक वर्षांची झाली की, कारण कोल्हा जेमिमालाच कांदे आणायला का सांगतो (तिलाच शिजवायला!) ते पोरीला आपलं आपण कळू दे.