'साहस' शब्दाचा मूळ अर्थ काय? 'धाडस', 'जोखीम' आणि 'साहस' यांत फरक काय?

तुम्ही विचारलंय की सांगलीत पुराच्या वेळी आयर्विन पुलावरून कृष्णेत उड्या मारणाऱ्या पोरांना कुणी 'साहसी' म्हणतं, कुणी त्याला 'दुःसाहस' म्हणतं, तर मूळ शब्द चांगला की वाईट? मुळात वाईटच होता, आणि तेही चक्क कायद्याच्या भाषेत.

शब्द आला 'सहस्' पासून. सहस् म्हणजे बळ, जोर. ऋग्वेदात अग्नीला 'सहसः सूनुः', म्हणजे बळाचा पुत्र म्हटलंय, कारण अरणी (अग्नी पेटवायची लाकडं) जोराने घुसळल्याशिवाय तो पेटत नाही. सहन, असह्य हे शब्दही याच 'सह्' धातूचे. 'सहस्र'शी मात्र याचं नातं नाही. 'सहसा' हे सहस्‌चंच तृतीयेचं रूप: जोराने, म्हणून एकाएकी, विचार न करता. मराठीत 'तो सहसा येत नाही' म्हणताना हा अर्थ पार पुसला गेलाय.

मनुस्मृतीत खटल्यांचे अठरा विषय सांगितलेत, त्यांत साहस हा एक आहे. मालकाच्या डोळ्यांदेखत बळजबरीने केलेलं कृत्य ते साहस, त्याच्या नकळत नेलं तर चोरी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हाच भेद आहे. दंडाच्या पायऱ्यांनाही हेच नाव पडलं. मनूच्या हिशेबात प्रथम साहस 250 पण ('पण' हे तेव्हाचं नाणं), मध्यम 500, उत्तम 1000. त्यामुळे जुन्या ग्रंथात 'उत्तम साहस' दिसलं की 'मोठा पराक्रम' असं भाषांतर करू नका, तो या तीन दंडांतला सगळ्यात जबर दंड आहे. ही चूक फार सहज होते.

संस्कृतातच पुढे कौतुकाचा अर्थही रुळला. विक्रमादित्याला 'साहसांक' हे बिरुद मिळालं ते त्याच अर्थाने. आजच्या मराठीत हाच अर्थ उरलाय, म्हणून दोष दाखवायचा तर 'दुः' जोडावा लागतो.

आता शेजारचे शब्द. क्रियापद बघा, फरक लगेच कळतो. धाडस 'करतात'ही, पण ते 'होतं' किंवा 'होत नाही' असंही म्हणतात, कारण ते मनाच्या आत असतं. साहस 'करतात', ते कृत्य आहे. जोखीम 'घेतात' किंवा 'पत्करतात', कारण तिथे काहीतरी पणाला लागलेलं असतं. भाव चढेल म्हणून हळद पेवात (जमिनीखालच्या कोठारात) ठेवणं ही जोखीम आहे, त्याला साहस म्हटलं तर कानाला खटकतं. जुन्या बोलण्यात तर अंगावरच्या दागिन्यांना, जवळच्या रोकडीलाही 'जोखीम' म्हणत. धोका यांत सगळ्यात वेगळा, तो माणसाने काही न करताही असतो. आयर्विन पुलाजवळ पाणी 45 फुटांवर गेलं की 'धोका पातळी', मग कुणी उडी मारो की न मारो.

उडीबद्दल लिहायचं तर पट्टीच्या पोहणाऱ्याने बुडणाऱ्याला काढायला घेतली असेल तर साहस लिहा, आणि पैज लावून पुरात मारली असेल तर दुःसाहस.