येकातेरिनबुर्ग: वाय लावायचा की नाही?

प्रश्न: आमची फाउंड्री यंदा रशियातल्या 'इन्नोप्रोम' प्रदर्शनाला जाते आहे. इंग्रजी माहितीपत्रक छापायला टाकलंय. ते येकातेरिनबुर्ग शहरात भरतं. निमंत्रणपत्रात शहराचं नाव ई या अक्षराने सुरू होतं, बातम्यांत वायने. आमच्या डिझायनरने शेवट बी-ई-आर-जी असा केला आहे. शिवाय पत्त्यात 'स्वेर्दलोव्स्क' असंही काहीतरी येतं. यातलं बरोबर काय? – एक वाचक, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

उत्तर: छपाई थांबवा आणि आधी शेवट दुरुस्त करा. सुरुवातीला वाय किंवा ई दोन्ही चालतं, बी-ई-आर-जी मात्र कुठल्याच पद्धतीत बसत नाही. रशियन नावात तिथे स्पष्ट 'उ' आहे, म्हणून बी-यू-आर-जी. मराठीत आपण हॅम्बर्ग आणि हायडेलबर्ग दोन्ही एकाच 'बर्ग'ने लिहितो, त्यामुळे कान फसतो. जर्मनमध्ये 'बुर्ग' म्हणजे गढी आणि 'बेर्ग' म्हणजे डोंगर. शहर उरल पर्वताच्या कुशीत असलं तरी नाव गढीचं आहे. 1723 साली लोखंडाच्या कारखान्याभोवती तटबंदी घालून ते वसवलं गेलं.

आता पहिलं अक्षर. रशियन नाव ज्या अक्षराने सुरू होतं ते दिसायला ई, पण शब्दारंभी त्याचा उच्चार 'ये' होतो. इंग्रजी नकाशांत आणि बऱ्याच वृत्तपत्रांत रूढ असलेली पद्धत हा उच्चार दाखवायला वाय लावते. तोही फक्त शब्दाच्या सुरुवातीला, स्वरानंतर किंवा रशियन लिपीतल्या मृदू-कठोर चिन्हांनंतर. म्हणून 'काते'मधल्या 'ते'ला वाय लागत नाही. रशियन पासपोर्टांची पद्धत वेगळी आहे. ती अक्षरास अक्षर लावते आणि वाय गाळते. 2018 च्या फुटबॉल विश्वचषकातही नाव ई नेच होतं.

माहितीपत्रकात वायचं रूप घ्या, असं आम्ही सुचवू. मजकुरात रशियाचे पहिले अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांचा उल्लेख आला तर त्यांना तुम्ही वायच लावणार, मग त्यांच्या शहराला का नको? मात्र व्हिसाच्या अर्जात निमंत्रणावर आहे तसंच अक्षरन् अक्षर उतरवा. एलसीच्या, म्हणजे बँकेच्या पतपत्राच्या (लेटर ऑफ क्रेडिट), कागदपत्रांतही एलसीतलंच स्पेलिंग ठेवा. युसीपी 600 या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत अर्जदाराच्या, म्हणजे एलसी उघडणाऱ्या खरेदीदाराच्या, पत्त्यातला फरक एरवी खपतो. पण तोच पत्ता बिल ऑफ लेडिंगवर (जहाजाच्या मालपावतीवर) माल घेणाऱ्याच्या किंवा नोटिफाय पार्टीच्या (माल पोहोचल्याचं ज्याला कळवायचं त्याच्या) रकान्यात आला, तर तो एलसीप्रमाणेच हवा. तिथे एक वाय कमी-जास्त झाला तर बँकेला कागद परत करायला निमित्त मिळतं. विमानाचं तिकीट शोधताना स्पेलिंगचा घोळच नको, एस-व्ही-एक्स हा विमानतळाचा कोड टाका.

हा कोड जुन्या नावाचा आहे. 1924 ते 1991 हे शहर क्रांतिकारक याकोव्ह स्वेर्दलोव्ह याच्या नावाने 'स्वेर्दलोव्स्क' होतं. 1991 मध्ये शहराला मूळ नाव परत मिळालं, प्रांताचं मात्र बदललं नाही. त्यामुळे पत्त्यात शहर येकातेरिनबुर्ग आणि प्रांत, म्हणजे 'ओब्लास्त', स्वेर्दलोव्स्क असंच लिहायचं, आणि पुढे 620 ने सुरू होणारा सहा आकडी पिनकोड. 'येकातेरिनबुर्ग ओब्लास्त' नावाचा प्रांतच नाही. इतिहासावर लिहिताना त्या काळचं नाव वापरा: झारच्या कुटुंबाची हत्या 1918 साली येकातेरिनबुर्गमध्ये, पण 1979 ची अँथ्रॅक्सची गळती स्वेर्दलोव्स्कमध्ये.

आणखी एक. 'कॅथरीन द ग्रेटने वसवलेलं शहर' असं वाक्य पत्रकात असेल तर काढा. नाव झार पीटर द ग्रेटची पत्नी पहिली कॅथरीन हिच्यावरून आहे; दुसरी, म्हणजे 'द ग्रेट', 1723 मध्ये जन्मलीही नव्हती.

प्रश्न: रशियन कारखान्यांच्या नावांत 'चेल्याबिन्स्की', 'मॅग्नितोगोर्स्की' असं येतं. इंग्रजी भाषांतरात हा 'की' ठेवायचा का? – एक भाषांतरकार, पुणे

उत्तर: नको. तो रशियन विशेषणाचा प्रत्यय आहे, आपल्या 'कोल्हापुरी'तल्या ई सारखा. फरक इतकाच की तो पुढच्या नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतो: कारखाना 'चेल्याबिन्स्की', प्रांत 'चेल्याबिन्स्काया'. इंग्रजीत शहराचं साधं नावच विशेषणाचं काम करतं, म्हणून 'चेल्याबिन्स्क ट्रॅक्टर प्लांट', 'मॅग्नितोगोर्स्क आयर्न अँड स्टील वर्क्स'. प्रत्यय ठेवला तर वाचक 'चेल्याबिन्स्की' हे मालकाचं आडनाव समजतो. 'निझ्नी तागील' या शहराच्या नावातला 'नी' मात्र काढू नका. 'निझ्नी' म्हणजे 'खालचा', 'बुद्रुक-खुर्द'सारखा तो नावाचाच भाग आहे. इंग्रजीत 'निझ्नी'च्या शेवटी एकटा वाय पुरतो. आय-वाय अशी जोडीही दिसेल, ती चूक नाही. पण एका मजकुरात दोन्ही नकोत.