चिठ्ठी हातात आली, पण शाळा कुठंय?

या महिन्यात शाळेबद्दलचीच पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. मी ३१ वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवलं, त्यामुळे माझा जीव कुठं अडकलेला आहे ते तुम्हाला माहितीच आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : माझा पुतण्या टेक्सासला ह्यूस्टनमध्ये असतो. तो सांगतो की तिथं आता प्रायव्हेट शाळेच्या फीसाठी सरकारच आईबापाला पैसे देणार, वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास. मग आपले पुढारी असं का करत नाहीत? झेडपीच्या शाळेवर एवढा खर्च होतो, तोच पैसा आमच्या हातात द्या ना, पोरगा कुठं टाकायचा ते आमचं आम्ही बघू. – एक शेतकरी, चोपडा तालुका

उत्तर : भाऊ, पुतण्या बरोबर सांगतोय. टेक्सासचे गव्हर्नर (आपल्याकडचे मुख्यमंत्रीच समजा) ग्रेग ॲबट यांनी मे २०२५ मध्ये त्या कायद्यावर सही केली, सुरुवातीला १ अब्ज डॉलरची तरतूद आहे आणि २०२६-२७ च्या वर्षापासून पैसे द्यायचे ठरलं. यालाच व्हाउचर म्हणतात, म्हणजे सरकारनं दिलेली फीची चिठ्ठीच समजा. ही कल्पना १९५५ मध्ये मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञानं मांडली, की सरकारनं शाळा चालवायच्या कशाला, पैसा पालकाला द्यावा आणि शाळांनी पोरांसाठी एकमेकींशी स्पर्धा करावी.

पण टेक्सासमध्ये हा कायदा आला कसा ते पुतण्याने सांगितलं नसेल, आणि आपल्या कामाची गोष्ट तीच आहे. ॲबट रिपब्लिकन पक्षाचे, विधिमंडळात बहुमत त्यांचंच, तरी नोव्हेंबर २०२३ मध्ये हाच व्हाउचरचा प्रस्ताव खालच्या सभागृहात पडला, आणि तो पाडायला त्यांच्याच पक्षाचे २१ आमदार विरोधी डेमोक्रॅट लोकांसोबत गेले, त्यात बरेचसे खेड्यापाड्यांच्या मतदारसंघातले. त्यांचं म्हणणं साधं होतं, आमच्या भागात सरकारी शाळाच आहे, प्रायव्हेट शाळा जवळपास नाही, गावातल्या कितीतरी घरांची चूल त्या शाळेच्या पगारावर पेटते, मग चिठ्ठी घेऊन आमची पोरं जातील कुठं, आणि त्या चिठ्ठ्यांपायी आमच्या शाळेचा पैसा आटला तर आम्ही कोणाला विचारायचं? पुढं २०२४ मध्ये पक्षाचे उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत ॲबट यांनी या लोकांच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांना ताकद दिली, बरेच जुने आमदार घरी बसले, आणि मग पुढच्या वर्षी कायदा पास झाला.

मतदारांना थेट विचारलं की मात्र वेगळंच निघतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंटकी राज्यात, प्रायव्हेट शाळांना सरकारी पैसा द्यायची मोकळीक द्यावी का, यावर सरळ मतदान झालं तर १२० च्या १२० काउंटींनी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनी, नाही म्हटलं, आणि हे ते राज्य जिथं त्याच दिवशी ट्रम्प मोठ्या फरकानं जिंकले. म्हणजे पक्ष आवडतो पण गावची शाळा मोडायची नाही असं म्हणणारे लोक तिकडे पण भरपूर आहेत.

आता तुमचं बघा. चोपडा शहराजवळ असाल तर चिठ्ठी घेऊन जायला तुम्हाला चार शाळा मिळतील, गाडी येईल, पोरगा जाईल. पण तुमच्याच तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला जे पाडे आहेत त्यांच्या हातात चिठ्ठी दिली तर ते ती कुठं वटवतील? आणि टेक्साससारख्या योजनेत प्रायव्हेट शाळेवर तुमचंच पोरगं घ्या अशी सक्ती नसते, निवड शाळेची पण असते. ही गोष्ट भाषणात कोणी सांगत नाही.

तुमचं सगळंच म्हणणं खोडत नाहीये मी. आंध्रात २००८ पासून चार वर्षं खेड्यातल्या मुलांवर हाच प्रयोग झाला, लॉटरी काढून काही मुलांना प्रायव्हेट शाळेची चिठ्ठी दिली आणि बाकीच्यांशी तुलना केली. तेलुगू आणि गणितात दोघं सारखेच निघाले, हिंदीत मात्र चिठ्ठीवाली मुलं पुढं, कारण तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत हिंदी शिकवतच नव्हते. आणि प्रायव्हेट शाळांचा मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा पण कमी. आता तुम्ही म्हणाल बघा ताई, तेवढंच शिक्षण स्वस्तात मिळालं की! मिळालं, पण ते स्वस्त झालं मास्तरांना अगदी थोडक्या पगारावर राबवून, आणि ते मास्तर म्हणजे आपल्याच गावचे डीएड बीएड करून बसलेले पोरं. हे मला पटत नाही.

प्रश्न : चार्टर स्कूल म्हणजे आपली अनुदानित शाळाच ना? – डीएडची विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : अमेरिकेतल्या या शाळांचं बरंचसं तसंच आहे. पैसा सरकारचा, कारभार वेगळ्या मंडळाचा, फी नाही, जागा कमी पडल्या तर लॉटरी. फरक हा की चार्टर शाळेचा सरकारशी काही वर्षांचा करार असतो आणि काम नीट नसेल तर करार संपवून शाळा बंद करता येते, आपल्याकडे अनुदान एकदा सुरू झालं की निकालावरून सहसा बंद होत नाही. पहिला कायदा मिनेसोटा राज्याचा, १९९१ चा. गंमत म्हणजे १९८८ मध्ये ही कल्पना उचलून धरणारे अल्बर्ट शँकर हे शिक्षक युनियनचेच पुढारी होते, त्यांना वाटलं होतं शिक्षकांना नवीन काही करून बघायला मोकळी जागा मिळेल, पण पुढं त्या चळवळीचं वळण बघून ते स्वतःच तिच्या विरोधात गेले. राजकारणात चार्टरला दोन्हीकडून पाठिंबा मिळाला, क्लिंटन यांच्या काळात १९९४ ला केंद्राचा निधी सुरू झाला, ओबामांनी ४.३५ अब्ज डॉलरच्या निधीसाठी राज्यांत स्पर्धा लावून त्यांना त्या दिशेनं ढकललं. व्हाउचर मात्र बहुतेक रिपब्लिकन लोकांचाच विषय राहिला. निकाल म्हणशील तर बोस्टनच्या चार्टर शाळांनी गरीब मुलांचं खरंच भलं केलं, आणि दुसरीकडे कितीतरी शाळा साध्या सरकारी शाळेपेक्षा पण मागं राहिल्या. पाटी कोणती आहे त्यावरून शाळा ओळखायची नसते गं.

प्रश्न : ताई, माझी आंडेर आरटीईच्या लॉटरीत लागून इंग्लिश मिडियमला तिसरीत आहे. शाळा दरवर्षी वेगवेगळ्या नावानं पैसे मागते, नाही दिले तर पोरीला वर्गात उभं करतात. म्हणतात सरकारने आमचे पैसेच दिले नाहीत. ही पण सरकारची चिठ्ठीच ना? मग असं का? – एक आई, पारोळा तालुका

उत्तर : हो माय, आपल्या देशातलं सगळ्यात मोठं व्हाउचर म्हणजे हेच, फक्त चिठ्ठी तुझ्या हातात न देता पैसा सरकार परस्पर शाळेला देतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे आरटीईच्या, कलम १२ मध्ये आहे ते, प्रायव्हेट विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकातल्या मुलांना द्यायच्या, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये ते मान्य पण केलं. महाराष्ट्रात त्यासाठी मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरले, कोरोनात ते ८ हजारांवर आणले होते. आणि ते पैसे वेळेवर मिळत नाहीत ही शाळांची तक्रार खरी आहे, वर्षानुवर्षं थकतात. पण सरकारने थकवलं म्हणून पोरीला उभं करायचं हा कुठला न्याय? तुझं पत्र वाचून मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

तर आता काय कर ते सांगते. कायदा म्हणतो की आठवीपर्यंत अशा मुलाकडून फी घ्यायची नाही. मागतील तेव्हा तोंडी भांडू नको, लेखी माग, कशाचे पैसे ते कागदावर द्या म्हण, अर्ध्या शाळा तिथंच गप्प होतात. तरी नाही ऐकलं तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्याकडे अर्ज दे, एक प्रत जळगावला झेडपीच्या शिक्षणाधिकाऱ्याकडे प्राथमिकला, आणि दोन्हीची पोच घे. कलम ३२ प्रमाणे अशा तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, अर्जात ते कलम लिहूनच टाक. पोरीला वर्गात अपमानित करणं हा तर कायद्यानं गुन्ह्यासारखाच विषय आहे, कलम १७ मानसिक त्रासाला पण मनाई करतं, ते पण लिही. आरटीईतून शिकणारी अजून दोन-तीन पोरं असतीलच त्या शाळेत, त्यांच्या आयांना सोबत घे, एकटी जाऊ नको.

अजून एक, आत्ताच डोक्यात ठेव, आठवीनंतर ही सवलत संपते. नववीला पूर्ण फी भरावी लागते आणि तेव्हा पुष्कळ घरं गडबडतात, कारण आठ वर्षं इंग्लिशमध्ये शिकलेली पोर एकदम मराठी हायस्कूलला टाकणं सोपं नाही.

आणि पुढाऱ्यांचा पाठिंबा किती टिकतो ते पण तू बघितलंच असशील. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर प्रायव्हेट शाळेला हे २५ टक्के लागू नाहीत असं केलं. त्या वर्षी इंग्लिश शाळांची नावंच यादीत दिसेनात, अर्ज एकदम आटले. पालक कोर्टात गेले, मुंबई हायकोर्टाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्दच केला. म्हणजे हा हक्क आज आहे तो पालक भांडले म्हणून.

प्रश्न : व्हाउचर, चार्टर, दत्तक शाळा (म्हणजे सरकारी शाळा कंपन्यांना दत्तक देणं), या सगळ्याला पाठिंबा देणाऱ्या नेत्यांना गरिबांच्या मुलांची काळजी खरंच असते का? मला तरी हा सगळा सरकारी शाळा संपवण्याचा डाव वाटतो. – निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : गुरुजी, सगळ्यांना एका मापाने मोजू नका. अमेरिकेत व्हाउचरची आजची लाट सुरू झाली ती मिलवॉकी शहरात १९९० मध्ये, आणि ती आणणाऱ्या होत्या पॉली विल्यम्स, काळ्या समाजातल्या आमदार, त्या पण डेमोक्रॅट पक्षाच्या, स्वतः एकटीने मुलं वाढवलेल्या बाई. त्यांच्या वस्तीतली मुलं सरकारी शाळांत वाया जात होती आणि पालकांचं कोणी ऐकत नव्हतं, म्हणून त्यांनी रिपब्लिकन गव्हर्नर टॉमी थॉम्पसन यांच्याशी हात मिळवला. त्यांची योजना फक्त गरीब घरांसाठी होती, शाळेने मुलं लॉटरीनेच घ्यायची होती. पुढं उत्पन्नाची मर्यादा वाढवायला लागले तेव्हा त्याच बाई विरोधात उभ्या राहिल्या. आणि आज बघा, ॲरिझोनाने २०२२ मध्ये मर्यादाच काढून टाकली, ज्याला पाहिजे त्याला पैसे, तर सुरुवातीला अर्ज केलेली बहुतेक मुलं आधीपासून सरकारी शाळेत नव्हतीच, त्यांची फी आईबाप आधीच भरत होते. गरिबाच्या नावाने दार उघडायचं आणि आत दुसरेच शिरायचे, हे आपण पण कितीदा बघितलंय.

म्हणून मी नेत्याचं मन ओळखायच्या भानगडीत पडत नाही, योजनेचा कागद बघते. मुलं कोण निवडणार, आईबाप की शाळा? चिठ्ठीच्या वरची फी कोण भरणार? शाळा मध्येच बंद पडली तर पोरं कुठं जाणार? स्वीडनमध्ये १९९२ पासून अशी पद्धत आहे, तिथं २०१३ मध्ये एक मोठी शाळा-कंपनी बुडाली आणि दहा हजाराच्या आसपास मुलं एका झटक्यात लटकली. चिलीने १९८१ पासून व्हाउचर चालवलं आणि २०१५ मध्ये त्यांना वेगळा कायदा करावा लागला की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेने वरची फी घ्यायची नाही, मुलं निवडायची नाहीत आणि नफा पण काढायचा नाही. चौतीस वर्षं गेली त्यांची हे समजायला.

आपल्याकडे अजून एक गोष्ट विचारायची असते, जो नेता चिठ्ठीची भाषा करतो त्याच्या घरात शिक्षणसंस्था आहे का. आपल्या खान्देशच्या तिन्ही जिल्ह्यांत संस्थाचालक आणि पुढारी किती ठिकाणी एकच माणूस आहे हे मी तुम्हाला काय सांगू. संस्था असणं वाईट नाही गुरुजी, तुमच्याच अमळनेरला प्रताप शेठजींच्या देणगीवर हायस्कूल मोठं झालं आणि साने गुरुजींनी तिथं शिकवलं. पण पैसा ज्याच्या शाळेत जाणार त्यानेच विधानसभेत हात वर करायचा असेल तर निदान ते उघड सांगावं.

प्रश्न : आमच्या पाड्यावर झेडपीच्या शाळेत ११ मुलं आहेत. शाळा बंद करून मुलं मोठ्या शाळेत नेणार अशी बोलणी चालू आहेत. एक नेते म्हणाले त्यापेक्षा मुलं इंग्रजी निवासी शाळेत पाठवा, खर्च सरकार करतं. काय करावं? – एक तरुण, धडगाव तालुका

उत्तर : ते निवासी शाळेचं खरं आहे, आदिवासी विकास विभागाची नामांकित इंग्रजी शाळांची योजना आहे आणि ते पण एक प्रकारचं व्हाउचरच झालं. काही मुलं तिथून छान शिकून निघाली आहेत. पण सहा वर्षांचं लेकरू घरापासून, स्वतःच्या भाषेपासून इतकं लांब टाकायचं हे आईबापाने स्वतः ठरवावं, गावची शाळा बंद झाली म्हणून नाइलाजाने नको.

बंद करण्याचं म्हणाल तर सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते, आणि नमुना म्हणून तुमच्याच तोरणमाळचं नाव पुढं केलं होतं. अशा शाळा तेव्हा राज्यात १४ हजारांहून जास्त होत्या, आणि त्या बहुतेक तुमच्यासारख्या डोंगरातल्याच असणार. पण कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत पाहिजे, आणि नर्मदेकाठच्या जीवनशाळा बघा, तिथं लोकांनी १९९० नंतर स्वतः पाड्यावर शाळा चालवून दाखवल्या, पावरी, भिली या तिथल्या बोलींत सुरुवात करून.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलवा. तिच्यात ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या बाया, म्हणजे ठराव तुमच्याच हातात आहे. ठरावात ११ मुलांची नावं, वय, आणि नव्या शाळेपर्यंतचं पायी अंतर लिहा, गाडीरस्त्याचं नको, मुलं ज्या पायवाटेनं जाणार तिचं. पावसाळ्यात वाटेतला नाला किती दिवस ओलांडता येत नाही ते पण लिहा. गाडी देऊ म्हणाले तर ती कोणत्या तारखेपासून, कोणत्या थांब्यावर, आणि ती येईपर्यंत ही शाळा चालू राहणार का, हे लेखी मागा. ठराव ग्रामसभेत पण मांडा आणि ग्रामसेवकाकडून सहीशिक्क्याची नक्कल घ्या. ती मला पाठवली तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाचा अर्ज मी लिहून देईन.