नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन पुराणकथांमधल्या देवींपैकी कुणाचं नाव आजही वापरात आहे का?

आहे, आणि कदाचित तुमच्या घरच्या पान्यांच्या पेटीतही. पान्याच्या दांड्यावर बऱ्याचदा ‘क्रोम व्हॅनेडियम’ अशी अक्षरं उठवलेली असतात. त्यातल्या व्हॅनेडियम या धातूचं नाव आलं ‘वानादीस’वरून. प्रेम आणि सौंदर्याची देवी फ्रेया, तिचंच हे दुसरं नाव. अर्थ ‘वानीर कुळातली देवी’.

‘फ्रायडे’त फ्रिग ही देवी आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मी अनेक वर्षं बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला व्हॅनेडियम जास्त जवळचं.

१८३० साली नील्स सेफस्ट्रॉम या स्वीडिश रसायनतज्ज्ञाला स्वीडनमधल्या ताबेर्गच्या खनिजापासून काढलेल्या लोखंडात हे मूलद्रव्य सापडलं. त्याच्या संयुगांचे रंग इतके देखणे, की नाव सौंदर्याच्या देवीचं दिलं. पण १८०१ मध्येच मेक्सिकोत आंद्रेस मान्युएल देल रिओंनी ते सिमापानच्या शिशाच्या खनिजात ओळखलं होतं. त्यांनीही आधी रंगांवरूनच नाव ठेवलं होतं, पानक्रोमियम, म्हणजे ‘सगळ्या रंगांचं’. १८०५ मध्ये पॅरिसच्या एका रसायनतज्ज्ञाने ‘हे तर क्रोमियमच’ असा निर्वाळा दिला आणि देल रिओंनी आपला दावा मागे घेतला. बरोबर असलेल्या माणसाने माघार घेतली, याची मला आजही हळहळ वाटते. ही दोन्ही मूलद्रव्यं एकच, हे पुढे फ्रीडरिश वोलर या जर्मन रसायनतज्ज्ञाने दाखवून दिलं.

वोलरच्याही हातून हा शोध थोडक्यात निसटला होता. त्याचे गुरू बर्झेलियस यांनी त्याला पत्रात एक गोष्ट रचून लिहिली: वानादीसच्या दारावर एकाने टकटक केली, ती उठेपर्यंत तो निघून गेला, तो तू, दुसरा दार वाजवतच राहिला, तो सेफस्ट्रॉम.

हे रंग मी वर्गात दाखवायचो. अमोनियम मेटाव्हॅनाडेट या व्हॅनेडियमच्या संयुगाचं आम्लातलं पिवळं द्रावण फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात झिंक टाकायचं. बुडबुडे सुटतात, पिवळा हिरवट होतो, मग स्वच्छ निळा, मग हिरवा आणि शेवटी जांभळा. त्या जांभळ्यापाशी मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे यायची. फ्लास्कच्या तोंडात कापसाचा सैल बोळा मात्र बसवावा लागतो, नाहीतर हवा लागून तो जांभळा परत हिरवा होतो.