कात्रणाच्या पलीकडचे रॉबर्ट स्मिथ

एका पालकांचे पत्र : आमची मुलगी केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असून तिला कॅम्पस मुलाखतीतून एका कंपनीत नोकरी मिळाली आहे. अमेरिकेतील रॉबर्ट स्मिथ या कृष्णवर्णीय उद्योगपतींनी एका कॉलेजच्या संपूर्ण तुकडीचे शैक्षणिक कर्ज फेडल्याची बातमी तिने वाचली आणि तिचे कात्रण अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवले. आता ती म्हणते की कंपनीत न जाता गरजू मुलांना शिष्यवृत्ती मिळवून देणाऱ्या एखाद्या संस्थेत काम करायचे. तिच्या शिक्षणासाठी बँकेचे सहा लाखांचे कर्ज काढले आहे आणि माझ्या निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत. तिला कसे समजवावे?

स. न. वि. वि.

मुलीला कसे समजवावे, असे आपण विचारले आहे. माझे सुचवणे थोडे वेगळे आहे. ते कात्रण काढायला सांगू नका, उलट त्या माणसाचे उरलेले आयुष्यही तिला वाचायला द्या. कात्रणात येते ती एका दिवसाची गोष्ट, आणि स्मिथ यांच्या बाबतीत तर त्या दिवसाच्या आधीचे आणि नंतरचे तिच्या जास्त उपयोगाचे आहे.

तो दिवस होता १९ मे २०१९ चा. अटलांटातील मोरहाऊस कॉलेज ही १८६७ साली, म्हणजे गुलामगिरी संपल्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, कृष्णवर्णीय तरुणांसाठी सुरू झालेली संस्था आहे आणि मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनियर) तेथूनच पदवीधर झाले. तेथील पदवीदान समारंभात भाषण करताना स्मिथ यांनी जाहीर केले की या तुकडीच्या शैक्षणिक कर्जाचा भार त्यांचे कुटुंब उचलेल. समोर सुमारे ४०० विद्यार्थी बसले होते आणि या घोषणेची त्यांना कल्पना नव्हती. पुढे सप्टेंबरमध्ये देणगीचा आकडा ठरला तो ३ कोटी ४० लाख डॉलरचा, आणि त्यात मुलांच्या शिक्षणासाठी आईवडिलांनी काढलेली कर्जेही धरली गेली. हा शेवटचा तपशील आपण स्वतः लक्षात घ्यावा. कर्जाचा हप्ता मुलाच्या नावावर असला तरी त्याचे ओझे घरभर वाटले जाते, हे देणाऱ्याच्या ध्यानात आलेले होते.

पण २०२० च्या तुकडीचे काय? त्याच कॉलेजात, त्याच बाकांवर बसलेली, एक वर्षाने लहान मुले कर्ज डोक्यावर घेऊनच बाहेर पडणार होती. हा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि माझ्या मते तो रास्त होता. स्मिथ यांचे मोठेपण मला मोरहाऊसच्या व्यासपीठापेक्षा या आक्षेपानंतर जे केले गेले त्यात जास्त दिसते. २०२० मध्ये ‘स्टुडंट फ्रीडम इनिशिएटिव्ह’ ही संस्था उभी राहिली. ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॉलेजांत विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित शिकणाऱ्या तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वर्षाला २० हजार डॉलरपर्यंत रक्कम द्यायची, आणि परतफेड मात्र ठरावीक हप्त्याने न घेता नोकरी लागल्यावर मिळणाऱ्या उत्पन्नाच्या प्रमाणात घ्यायची, अशी तिची रचना आहे. परत आलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्यांकडे जातो. स्मिथ ज्या फंड टू फाउंडेशनचे प्रमुख आहेत त्या संस्थेने यासाठी ५ कोटी डॉलर दिले आणि तेवढीच रक्कम त्यांनी स्वतःच्या खिशातून घातली.

आता आपल्या कन्येला एक प्रश्न विचारावा : तिसरे आणि चौथेच वर्ष का? याचा विचार करायला तिला एखादी संध्याकाळ द्यावी. माझे उत्तर असे, की पहिल्या वर्षाची फी जुळवायला घरातले दागिने आणि नातेवाइकांची उसनवारी कामी येते, पण शेवटाकडे येता येता हे सारे झरे आटतात आणि पदवी हाताशी आली असताना मुलगा गळतो. तिथे दिलेला रुपया सर्वांत जास्त काम करतो. संधी देणे म्हणजे असा हिशेब करणे, आणि तो हिशेब नुसत्या कळवळ्याने येत नाही.

मुंबईच्या माणसाला यात फार नवल वाटू नये. परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जरूपाने शिष्यवृत्ती देणारा जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून आपल्याकडे आहेच. आणि ज्या कोलंबिया विद्यापीठातून स्मिथ यांनी १९९४ मध्ये एमबीए केले, तेथेच १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर शिकायला गेले होते. योग्य वेळी योग्य माणसावर झालेल्या खर्चाचे फळ काय असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

यापुढचा भाग आपल्या उपयोगाचा आहे. स्मिथ हे केमिकल इंजिनिअर आहेत. १९६२ साली डेन्व्हरमध्ये एका शिक्षक दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. शाळेत असतानाच त्यांनी बेल लॅब्ज या नामांकित संशोधन प्रयोगशाळेत फोन करून इंटर्नशिप मागितली, तेव्हा ती कॉलेजच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी असते, असे उत्तर मिळाले. मग दोन आठवडे ते रोज फोन करत राहिले आणि त्यानंतर दर सोमवारी, जवळजवळ पाच महिने. अखेर निवड झालेला एक विद्यार्थी आलाच नाही, म्हणून ती जागा त्यांना मिळाली. कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेतल्यावर त्यांनी गुडइयर आणि क्राफ्टसारख्या कंपन्यांत इंजिनिअर म्हणून काम केले, पेटंटे मिळवली, मग एमबीए, मग गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेत सहा वर्षे, आणि २००० साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षाच्या आसपास, सॉफ्टवेअर कंपन्यांत गुंतवणूक करणारी व्हिस्टा इक्विटी पार्टनर्स ही स्वतःची कंपनी. मोरहाऊसची घोषणा त्यानंतर एकोणीस वर्षांनी आली.

यावरून ‘आधी श्रीमंत हो, मग दान कर’ असे तिला सांगायला जाऊ नका, कारण ती लगेच स्मिथ यांच्या आईचे उदाहरण देईल आणि ते बरोबरही असेल. शिक्षिकेच्या पगारातून त्या माउली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या युनायटेड नीग्रो कॉलेज फंडाला दरमहा २५ डॉलरचा धनादेश पाठवत असत. पहिल्या पगारापासून असा एखादा धनादेश, आता म्हणायचे तर यूपीआय, आपली कन्याही पाठवू शकेल आणि त्यासाठी नोकरी सोडावी लागणार नाही.

कात्रणात नसलेली आणखी एक गोष्ट तिला अवश्य सांगावी. ऑक्टोबर २०२० मध्ये स्मिथ यांनी अमेरिकेच्या न्याय खात्याशी तडजोड करून परदेशी खात्यांतून उत्पन्न लपवल्याचे आणि कर चुकवल्याचे मान्य केले आणि १३ कोटी ९० लाख डॉलर भरण्याची तयारी दाखवली. तपासात सहकार्य केल्यामुळे त्यांच्यावर खटला झाला नाही. सरकारी शाळा आणि सरकारी शिष्यवृत्त्या करातूनच चालतात, त्यामुळे देणगीने हा डाग धुतला जातो असे मी मानत नाही. या डागामुळे ती ४०० घरे पुन्हा कर्जात गेली असेही नाही. या क्षेत्रात जायचे असेल तर देणगीदाराकडे असे दोन्ही डोळ्यांनी पाहण्याची सवय तिला आत्ताच लागलेली बरी.

आता व्यवहार. सहा लाखांचे मुद्दल, व्याजदर १० टक्के आणि मुदत १० वर्षे धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,९३० रुपये येतो. शिक्षणकाळातले व्याज मुद्दलात मिळवले असेल तर त्याहून अधिक. बहुतेक बँका अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षापर्यंत हप्ता मागत नाहीत, परंतु व्याज त्या काळातही चालू असते. कर्जात आपण सहकर्जदार असणारच, म्हणजे तिचा हप्ता थकला की बँक आपल्याकडे येणार, आणि तेही निवृत्तीच्या तोंडावर. हा आकडा तिच्यासमोर कागदावर मांडा, रागावून नव्हे. माझा स्पष्ट सल्ला असा आहे की तिने ही नोकरी स्वीकारावी आणि दोन ते तीन वर्षे मन लावून करावी.

त्याच वेळी आपणही एक गैरसमज सोडावा. हे क्षेत्र म्हणजे पदरमोड करून करायची समाजसेवा, असे आता राहिलेले नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी काढावे लागतात, आणि तो पैसा नीट खर्च करण्यासाठी पगारी माणसे लागतात. कारखान्यात काम केलेला इंजिनिअर तेथे उपरा ठरत नाही. नोकरीत रुळल्यावर तिने आपल्याच कंपनीच्या सीएसआर, म्हणजे हा सामाजिक खर्च पाहणाऱ्या, विभागाशी ओळख करून घ्यावी. पुढे मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील सामाजिक उद्योजकतेचा, बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठातील विकास विषयाचा किंवा आणंदच्या ‘इर्मा’मधील ग्रामीण व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम तिला करता येईल, आणि त्या मुलाखतींत हा अनुभव तिच्या बाजूने बोलेल.

दरम्यान शनिवार-रविवार तिच्या हातात आहेतच. माझ्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थ्याची मंजूर झालेली शिष्यवृत्ती त्याच्या हाती आली नाही, कारण बँक खाते आधारशी जोडलेले नव्हते आणि ही गोष्ट कळली तेव्हा मार्च उजाडला होता. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, बंद पडलेले खाते, आईच्या नावातील एका अक्षराचा फरक : गावाकडच्या मुलांची संधी बऱ्याचदा अशा ठिकाणी अडते. आपल्या कन्येने तिच्याच जुन्या शाळेतील दहा मुलांचे अर्ज या वर्षी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पार पाडून पाहावेत. हे काम तिला खरेच आवडते का, ते त्यातून तिला कळेल आणि आपल्यालाही दिसेल.

शेवटची विनंती. तिच्या ऑफर लेटरमध्ये सेवेच्या बंधनाची, म्हणजे बॉण्डची, काही अट असल्यास मुदत किती आणि मध्येच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल, हे पाहून मला कळवावे. दोन-तीन वर्षांचा माझा अंदाज त्यावरून थोडा पुढेमागे करावा लागेल. पुढचे पत्र तिने स्वतः लिहिले तर अधिक बरे.

आपला,
करिअर समुपदेशक