वाचक विचारतात : केंद्राचा आकार आणि बीटा-क्षय

प्रश्न : न्यूट्रॉन जास्त असलेल्या अणुकेंद्राचा आकार बदलला, तर बीटा-क्षयात नेमकं काय बदलतं? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : बीटा-क्षयात केंद्रातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो. झिर्कोनियम-९८ पाहा. ५८ न्यूट्रॉन, केंद्र जवळपास गोल. आणखी दोन न्यूट्रॉन आले की झिर्कोनियम-१०० एकदम लांबट! पहिली २+ पातळी (फिरकी दोन असलेली उत्तेजित पातळी) १२२३ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवरून २१३ वर उतरते, हा त्याचा ठळक पुरावा; लांबट केंद्र थोड्या ऊर्जेतही फिरू लागतं. लांबट केंद्रात एकेका कक्षेच्या पातळ्या फुटून विखुरतात. त्यामुळे न्यूट्रॉनचा प्रोटॉन होताना कन्या-केंद्राच्या (क्षयानंतर उरणाऱ्या केंद्राच्या) कोणत्या पातळीवर किती क्षय पडेल, ती वाटणीच बदलते.

झिर्कोनियम-९८ ते १०० जाताना अर्धायुष्य (निम्मी केंद्रं क्षय पावायला लागणारा वेळ) ३०.७ सेकंदांवरून ७.१ वर येतं, पण ते सगळं आकाराच्या खात्यावर टाकू नका. क्षयाची ऊर्जा २.२ वरून ३.४ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट होते आणि क्षयाचा वेग ढोबळमानाने तिच्या पाचव्या घाताने वाढतो. नुसत्या या हिशेबाने ४ सेकंदांच्या आसपास उत्तर येतं. उरलेला फरक केंद्राच्या रचनेचा, आणि खरा अभ्यास तिथेच आहे.

ही वाटणी कन्या-केंद्रातून निघणाऱ्या गॅमा किरणांवरून मोजतात. त्यात फसगत होते ती जर्मेनियम शोधकाने (गॅमा टिपणाऱ्या उपकरणाने). वरच्या पातळ्यांतून निघणारे क्षीण गॅमा त्यातून निसटतात आणि त्यांचा वाटा खालच्या पातळ्यांच्या नावावर चढतो. म्हणून सोडियम आयोडाइडच्या मोठ्या स्फटिकात सर्व गॅमांची एकत्रित ऊर्जा मोजतात.